छाट

खालची, डावीकडची, मागून दुसरी.
आठ दिवस लवंग दाबली, मग तंबाखूच दाबली,
घरात पोतंभर असतेच.
नवव्या रात्री दाढ कानात शिरली.
पहाटे चारला सूप मांडीवर घेऊन बसले,
ठणके मोजण्यापेक्षा विड्या मोजाव्यात.

शेजारची पेंटव्वा म्हणाली, उपटून टाक की.
रूट कॅनालात मेंदूपर्यंत सुई घालतात म्हणे,
तिच्या जावेचं पाणी महिनाभर थांबलं नाही.
तिची जाऊ तशीही रडतेच.

अशोक चौकाच्या पुढं, औषधाच्या दुकानावर, अठरा पायऱ्या.
डॉक्टर म्हणजे चिलवेरींची पोर.
हिच्या आजीबरोबर मी कारखान्याच्या रांगेत
माल घेऊन उभी राहायची.
चेकर मूठभर विड्या बाजूला सारायचा, म्हणायचा, छाट.
त्या मुठीचे पैसे नाहीत.

मी म्हणाले, पोरी, ही पण छाट आहे, काढ.
तिनं फोटो ट्यूबलाईटसमोर धरला.
तीन मुळं, ओल्या शेंगेच्या देठाएवढी.
म्हणाली, मुळं धड आहेत, आतली शीर सडलीय.
शीर काढू, दाढ ठेवू.
दोनदा यावं लागेल, टोपीसाठी तिसऱ्यांदा.
मग पैसे सांगितले.
त्याच्या हजारी विड्या किती, ते मी मनात केलं
आणि आकडा गिळला.

सगळं मराठीत बोलली.
सुई हातात आली तेव्हा मात्र तेलुगूत,
भयपडकु, अव्वा.
मुंगी चावली. मग ओठ कुणा दुसऱ्याच बाईचा झाला.

दाढेभोवती रबराचा पडदा लावला,
नळाला पावडर टाकतात तसला वास.
आणि काड्या, केसाएवढ्या, पिळाच्या,
एक घालायची, फिरवायची, काढायची, पुसायची,
त्याहून जाड घालायची.
मुळाचं टोक लागलं की यंत्र टिवटिव करायचं.
दुखलं नाही. खोटं कशाला बोलू.
घरात कुणी कपाट सरकवतंय आणि आपण पलीकडच्या खोलीत आहोत,
तसं.

फक्त जबडा.
पन्नास वर्षं मी तोंडं मिटत आले.
पान कापायचं, जर्दा भरायचा, वळायचं, दोरा गुंडाळायचा,
काडीच्या टोकानं विडीचं तोंड आत दुमडायचं.
दिवसाला हजार तोंडं.
आता ही म्हणते, उघडं ठेवा,
अजून थोडं,
अजून.
सवय नाही गं.

खाली येऊन चहा घेतला, निम्मा पदरावर.
टपरीवाला हसला, मीही अर्ध्या तोंडानं हसले.
दोन दिवस ठणकेल म्हणाली होती, तीन दिवस ठणकलं.
त्या बाजूनं चावू नका.
सूज चढली, ताप आला, तर रात्री पण फोन करा.
नंबर सुनेनं भिंतीवर खडूनं लिहिला,
चढलं काही नाही, नंबर अजून आहे.

दुसऱ्या खेपेला विचारलं,
शीर नाही म्हणजे मेलीच की दाढ?
तिचा हात थांबला.
म्हणाली, गरम-गार कळणार नाही तिला. काम करेल.
मी उजवा अंगठा पुढं केला.
दुमडून दुमडून टोक कातड्याचं झालंय,
तवा लागला तरी वासानं कळतं.
तिनं अंगठा धरला, दाबला.
कळतंय?
नाही.
मग गुलाबी काड्या मुळांत भरू लागली, न बोलता,
मापानं, जशी तिची आजी जर्दा भरायची.

टोपी लोखंडी रंगाची घेतली, स्वस्तातली.
इतक्या मागं कोण बघतंय.
मिश्री सोडा म्हणाली, हो म्हणाले.

काल रात्री कडक भाकरी मोडली, शेंगाचटणीशी.
आधी उजवीकडं, मग भीत भीत डावीकडं.
कट्ट.
सून दचकली, काय मोडलं म्हणून.
भाकरी गं, भाकरी.

मिश्रीची डबी कोनाड्यात आहे.
उघडलेली नाही.
आज सहावा दिवस, आणि हात
दोनदा तिकडं जाऊन आलाय.